डोंगरावर न्यायचं पाणी

नेरूळ, गुरुवार

प्रिय प्रणय,

हे पाकीट तुला डब्याच्या पिशवीत सापडलं असेल. ठेवलं तुझ्या बायकोने, मनस्वीने, पण ठेवायला सांगितलं मी, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. उलवे काही परदेशात नाही, पूल ओलांडला की तुझी बिल्डिंग, आणि तरी ताई पत्र लिहिते म्हणजे हिला पुन्हा काहीतरी झालं असं तुला वाटलं असेल. काही झालेलं नाही. रिपोर्ट उत्तम आहेत, किडनी शहाण्या मुलीसारखी काम करतेय. पत्र अशासाठी की हा विषय समोरासमोर काढला की तू गॅलरीत जाऊन कोणाला तरी फोन लावतोस, आणि मेसेज केला की अंगठा पाठवतोस. शनिवारी तुझा ट्रेकचा ग्रुप सोंडाई गडावर मुक्कामाला चाललाय, ग्रुपमधला संघर्ष तुला विचारून विचारून थकला, त्यालाही अंगठाच. त्याचा अर्थ हो की नाही हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. ज्याने तो ग्रुप उभा केला, त्या माणसाने ऑपरेशनपासून दोन वर्षांत एकही डोंगर चढलेला नाही, आणि मला तो माणूस परत डोंगरावर हवाय. पत्राचा विषय एवढाच. पण मी पडले शिक्षिका, मुद्द्यावर यायला मला अख्खा तास लागतो, हे तू जाणतोसच.

आधी बातमी. गेल्या महिन्यात मी सोंडाई चढून आले. मुक्कामासकट. उभा असशील तर बस. तुझा मेहुणा दिपेश सोबत होता, डॉक्टरांची परवानगी होती, गोळ्यांचा डबा हाताशी होता, आणि तुझ्या ग्रुपची पोरं मला काचेच्या सामानासारखी जपत होती. प्रणयदादा आमचे कान कापेल, असं प्रत्येकाने मला एकदा तरी ऐकवलं. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू 'नको' म्हणाला नसतास, पण तुझ्या चेहऱ्यावर ते आलं असतं आणि मी बूट काढून ठेवले असते. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "जा गो, पन पानी घरचंच पी." आणि सगळी गोष्ट खरं तर त्या पाण्यापासूनच सुरू झाली.

डॉक्टरांचंही म्हणणं तेच होतं. भरपूर पाणी प्यायचं आणि खात्रीचंच प्यायचं. औषधांमुळे माझी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली, त्यामुळे तुम्ही लोक गडावरच्या टाक्यातलं पाणी ओंजळीने पिता आणि अमृत अमृत करता, तसं मला चालणार नाही. म्हणजे दोन दिवसांचं पाणी घरून उकळून पाठीवर न्यायचं, आणि त्यासाठी भांडं हवं. मी डोंगर चढायचं सामान विकणाऱ्या इथल्याच एका दुकानात गेले आणि मोठ्या रुबाबात बाटली घेऊन आले. दिपेशने ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाला, "हे काय, डोळ्यांत घालायचं औषध न्यायचंय का?" मी दुकानातली सगळ्यात लहान बाटली उचलून आणली होती. मापाच्या रेघा असलेली. तिथे भिंतभर बाटल्या होत्या, मी एकेक हातात घेऊन पाहिली होती, आणि मोठी बाटली आली की माझा हात आपोआप ती परत ठेवत होता. घरी येईपर्यंत मला ते जाणवलंही नाही.

ते दिवस तुला सांगायला नकोत, पण मला लिहायचेत, कारण आपल्या घरात त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही. डायलिसिसवर असताना माझं दिवसाचं पाणी एका पेल्यात मावायचं. सकाळी भरायचा, त्यातूनच गोळ्या, त्यातूनच चहा, आणि संध्याकाळी तळाशी उरलेला घोट मी जिवापाड जपायचे. आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्यापासून पाणी लपवलं. असं करायचं म्हणून कोणी ठरवलं नव्हतं. पण करावे गावातल्या आपल्या घरात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची रीत, ती मी तिथे असले की बंद झाली. पाहुण्याला मागच्या दारी नेऊन पाणी पाजायचे. पेणच्या मामांना कोणी मागे न्यायला विसरलं, तर ते रुसून गेले आणि गावभर सांगत सुटले, "बहिनीच्या घरी पानी पन नाय इचारलं." आई मोरीत भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायची, चोरी केल्यासारखी. मासळी विकून आली की ती बर्फाची पेटी ओटीवर ठेवायची, ती परसात न्यायला लागली, कारण वितळणाऱ्या बर्फाकडे मी कशी बघते ते तिने एकदा पाहिलं होतं. आणि तू डोंगरावरून आलास की टाक्यांच्या, झऱ्यांच्या गोष्टी सांगायचास, त्या सांगणंच सोडलंस. ते मात्र चुकलास. मला त्या गोष्टी हव्या होत्या रे. डायलिसिसच्या खुर्चीत डोळे मिटून मी तुझीच टाकी आठवायचे, कातळात खोदलेली, सावलीतली, हात घातला की कोपरापर्यंत बधिर होतो असं तू सांगितलेली.

दिपेशचा रक्तगट जुळला नाही, आईला शुगर, मग राहिलास तू. आपण जेवत होतो, तू माशाचा काटा काढत होतास आणि मान वरही न करता म्हणालास, "माझी घे ना. मला दोन कशाला लागतात." स्कूटरची जास्तीची चावी द्यावी तसं. मी ताटावरून उठून गेले होते, आठवतं? तुम्हाला वाटलं मला रडू आलं. मला राग आला होता. एवढी मोठी गोष्ट हा एवढ्या सहज कसा काय बोलतो, ह्याला कळतंय तरी का, म्हणून. नंतर कळलं, तुला सगळं कळत होतं. मला नाही म्हणायला जागा राहू नये म्हणून तू ती लहान करून सांगितलीस.

आता मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला लिहू नये असं एक लिहिते. ऑपरेशननंतर मला शुद्ध आली तेव्हा खाटेच्या कडेला एक पिशवी लटकत होती आणि ती भरत होती. माझी लघवी. ती मी जवळजवळ विसरूनच गेले होते. सिस्टर म्हणाल्या, टेबलवरच सुरू झालं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बाहेर काढलेली किडनी फिकट, राखाडी दिसते, नव्या माणसाचं रक्त आत सोडलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गुलाबी होते आणि आपण कुठे आलो, कोणाकडे आलो, काही न विचारता कामाला लागते. प्रणय, मी भूगोलाची बाई. ज्वालामुखी काय, हिमनद्या काय, सगळं पोरांना रंगवून रंगवून सांगितलं. पण त्या पिशवीत पडणाऱ्या थेंबांइतकं थोर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मी रडायला लागले, सिस्टरना वाटलं दुखतंय. तू पलीकडच्या खोलीत टाके घालून पडला होतास आणि तुझा एक तुकडा इथे माझ्यात जागा होता. मी झोपले तरी तो झोपत नव्हता. अजूनही वर्गात शिकवता शिकवता मध्येच मला हे आठवतं आणि मी वाक्य विसरते. पोरांना वाटतं, बाईंचं वय झालं.

मग सिस्टरनी मोठा ग्लास भरून पाणी हातात दिलं आणि संपवा म्हणाल्या. मी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. त्या रागावल्या. मी पुन्हा तोंडाला लावायचे आणि हात पुन्हा खाली यायचा. ज्या पाण्यासाठी मी तळमळत होते ते समोर भरून ठेवलं होतं आणि मला ते पिता येत नव्हतं. पुढे सवय झाली, घरी ठरवून पिते, पण दुकानातल्या त्या भिंतीसमोर माझा हात अजून जुन्याच घरात राहत होता, एवढं मला कळलं.

कळलं तरी वळलं नाही. ती चिमुकली बाटली घेऊन मी हट्टाने पारसिक टेकडीवर सरावाला गेले. चढ संपायच्या आधीच बाटली संपली. ओठ सुकले, डोकं जड झालं, आणि मी रस्त्याच्या कडेला बसून घाबरले. भीती स्वतःसाठी नव्हती वाटत. तुझी वस्तू माझ्याकडे आहे आणि मी तिला कोरडी ठेवतेय, याची लाज वाटत होती. सकाळी फिरायला आलेल्या एका आजींनी त्यांची न उघडलेली बाटली मला दिली, ती मी तिथेच बसून रिकामी केली. घरी येताना ठरवलं की भांडं माझ्या हाताच्या सवयीवर सोडायचं नाही, तुझ्या किडनीला किती लागतं ते पाहून घ्यायचं.

मग खरी निवड सुरू झाली आणि मी घरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ब्लॅडर घ्या, आजकाल सगळे तेच घेतात." जिने पोटातलं एवढं सगळं पाहून घेतलंय अशा बाईला हे ऐकून दुकानातच हसू आवरेना. त्याचं ब्लॅडर म्हणजे पाठीवरची पाण्याची पिशवी, नळी तोंडाशी, चालता चालता पीत राहायचं, ती मला फार आवडली होती. पण डॉक्टरांनी नळी म्हणताच मान हलवली. आतून नीट घासता येत नाही, ओल राहिली की बुरशी धरते, तुम्हाला नको. आईचा हट्ट तांब्याच्या बाटलीचा. "तांब्याचं पानी पोटाला बरं असतं गो." मला तर वाटेत लिंबू, मीठ, साखर घालून प्यायचं होतं, आणि आंबट तांब्यात ठेवू नये हे मला तिनेच लहानपणी शिकवलेलं. तर म्हणते, "मंग लिंबू नको घालूस." दुहेरी भिंतीची थर्मासवाली बाटली पाणी गार ठेवते खरी, पण रिकामीच एवढी जड की पाण्याऐवजी पत्राच वाहायचा. विकतच्या पाण्याच्या पातळ बाटल्या सामानात चेपतात, आणि रिकाम्या झाल्या की लोक त्या डोंगरावर टाकून येतात, ज्यावरून तू अनोळखी माणसांशी भांडणं काढलीस.

शेवटी तुझंच बोलणं कामाला आलं. नव्या पोरांना तू पहिल्यांदा सांगायचास, सगळं पाणी एका भांड्यात भरू नका, एक गळलं तर दुसरं हवं. म्हणून एकेरी पत्र्याची साधी स्टीलची बाटली घेतली, रुंद तोंडाची, हात आत घालून घासता येईल आणि वेळ पडली तर झाकण काढून सरळ आचेवर ठेवून पाणी उकळता येईल अशी. तशीच दुसरी दिपेशच्या पाठीवर. आणि मुक्कामासाठी तोटी असलेला घडीचा कॅन, रिकामा झाला की गुंडाळून खिशात. नव्या कॅनला प्लॅस्टिकचा वास येतो, तो खायचा सोडा घालून भिजवला की जातो, हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलंय की आता मी आले की बायका वह्या तपासायला घेतात.

निघताना पाणी भरून सॅक पाठीवर घेतली तेव्हा खांदे ओढले गेले आणि मला त्या वजनाचाच आनंद झाला. इतकं पाणी, आणि सगळं माझं. पायथ्याच्या सोंडेवाडीतून वर निघालो तर संघर्ष दर थोड्या वेळाने मागे वळून "ताई, टेन्शन नाय, हळू चला, पाणी मारा" करत होता. आणि मी मारत होते. वरच्या पठारावर तंबू लावले, खिचडी केली, पोरांनी तुझे किस्से सांगितले, अर्धे मला माहीत नसलेले. घडीचा कॅन झाडाच्या फांदीला टांगला होता आणि मी उगाचच तोटी उघडून हात धुवत होते. सकाळी माथ्याकडे निघालो. वाटेत कातळातलं टाकं आलं. बाकीचे पाण्यावर वाकले, मी फक्त हात घातला. कोपरापर्यंत बधिर झाला. तू अजिबात वाढवून सांगितलं नव्हतंस. कोणीतरी कधीकाळी छिन्नी घेऊन या उंचीवर बसलं, तहानलेल्या माणसासाठी दगडात जागा केली, आणि ज्याने केली त्याचं नावही कोणाला ठाऊक नाही. मी हात बाहेर काढायला तयार नव्हते, दिपेशनेच काढायला लावला.

शिड्या चढून माथ्यावर पोचलो. माथ्यावर देवीचं ठाणं, म्हणून बूट खालीच काढले होते, पायांखाली गार कातळ. ऊन नुकतंच आलेलं, आणि खाली मोरबे धरण. मी ते नकाशावर दरवर्षी शिकवते. निळा ठिपका, नवी मुंबईचा पाणीपुरवठा, एका गुणाचा प्रश्न. तो ठिपका डोंगरांच्या पायाशी लांबवर पसरला होता, प्रत्येक घळीत शिरलेला, इतका शांत की मला आवाज काढायची भीती वाटली. माझ्या हातात बाटली होती आणि त्या बाटलीतलं पाणी तिथलंच होतं. या डोंगरांवर पडलेलं, तिथे साठलेलं, शहरभर फिरून माझ्या नळाला आलेलं, मी उकळलेलं आणि पाठीवर घेऊन त्यांच्याच माथ्यावर परत आणलेलं. मी बाटली तोंडाला लावली आणि पोटभर प्याले. हात खाली आला नाही. मग उजव्या कुशीखाली, जिथे ती बसवलीय, तिथे मी हात ठेवला. समोर एवढं थोरलं धरण आणि हाताखाली मुठीएवढी ती, आणि दोघं मिळून मला पाणी पाजत होती. मी तिथेच बसले. संघर्ष म्हणाला, "प्रणयदादा इथं कितीदा आलाय, मोजलंच नाय." तेव्हा मला सुचलं की म्हणजे ही पण आलीय. ही वाट तिच्या पायाखालची, म्हणजे तुझ्या पायाखालची. त्या माथ्यावर नवखी मीच एकटी होते, ती आपल्या ओळखीच्या जागी आली होती. दिपेशने विचारलं, दमलीस का. मी म्हटलं, नाही, पाणी पितेय.

आणि मग मला तुझा भयंकर राग आला. मी तुझ्या डोंगरावर, आणि तू गॅलरीत. परत आल्यावर मी सरळ तुमच्याकडे आले. तू गाडीवर गेला होतास. मनस्वीसमोर मी तुझी सगळी कारणं एकेक करून निकालात काढली. गुडघा दुखतो, तर दहीहंडीत थर लावताना बरा चालला. गाडीचा धंदा, तर रविवारी गाडी उभीच असते. मुलगी लहान, तर तिला आई सांभाळते. मग मनस्वीने भांडी पुसता पुसता खरं सांगितलं. डॉक्टरांनी तुला केव्हाच मोकळं केलंय, पाणी पीत जा आणि हवा तो डोंगर चढ म्हणाले. तुला भीती तुझी नाही. तू तिला म्हणालास, "मी घसरलो, काय झालं, तर ताई सोसनार नाय. ती म्हनेल माझ्यामुळं झालं. म्हनून मीच नाय जात."

हे पत्र त्यासाठी लिहिलं, प्रणय. तू मला बरोबर ओळखलंस. तुला तिथे काही झालं तर मी स्वतःला दोष देईन, मरेपर्यंत देईन. देणार नाही असं खोटं लिहून मी तुला वर बोलवणार नाही. पण तू घरी बसलास म्हणून मी सुटले असं तुला वाटत असेल, तर तसं नाही रे. तुझ्या गॅलरीतल्या बुटांवरची धूळ मी दर वेळी बघते. तू एक मला दिलीस आणि दुसरी माझ्याचसाठी जपून ठेवलीस, म्हणजे दोन्ही माझ्याच झाल्या की. एवढं मी मागितलं नव्हतं. एक मी घेतलीय, ती आता परत देता येत नाही. दुसरी मी घेतलेली नाही. ती घेऊन शनिवारी सोंडाईवर ये.

तुझीच,
मिताली ताई